कोरडी हत्यारं

"पाण्यात पडलेलं लोखंड असं असतं का, कास्पर?" सायलसने पेटीतला लाकूड तासायचा वाकस काढून उन्हात धरला. पात्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता.

"पुसलं मी," म्हातारा गाडीवान म्हणाला.

"पुसलंस. चार पेट्या हत्यारं, एकट्याने?"

"हो."

भोवती जमलेले सुतार हसले. इंग्रजांशी लढायला एरी सरोवरावर अमेरिकेची जहाजं बांधायला ते थेट फिलाडेल्फियाहून आले होते. हत्यारांची गाडी मागे राहिली म्हणून अकरा दिवस उसन्या कुऱ्हाडींनी ओकची झाडं तोडत होते. पलीकडच्या काठाला इंग्रजांची जहाजं शिडं लावून तयार होती. इथे दोन जहाजांचे नुसते सांगाडे.

सायलस टर्नबुल मुख्य मिस्त्री. गेल्या महिन्यात कुणीतरी डांबराची पिंपं फोडली, तेव्हापासून तो प्रत्येक नव्या माणसाकडे डोळे बारीक करून बघे. कास्पर श्ट्रोचं तर त्याला सगळंच खटकलं. पेट्यांची कुलुपं फोडलेली. दोन घोड्यांपैकी एकच परतलेला. आणि म्हाताऱ्याची बहीण इंग्रजांच्या कॅनडात दिलेली.

"दुसरा घोडा कुठे विकलास?"

"बुडाला."

"आणि इतके दिवस काय, बहिणीकडे पाहुणचार?"

कास्पर गाडीकडे वळला. "माल बघून घे, मिस्त्री. मी निघतो."

"निघच. परत या आवारात दिसलास तर शिपायाच्या हवाली करीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोरखंडांची गाडी आली. हाकणारी बेथिया क्रोल, दक्षिणेकडच्या ओढ्याकाठची शेतकरीण. खाली उतरायच्या आधीच तिने विचारलं, "कास्परबाबा पोचले का? हात कसा आहे त्यांचा?"

"कसला हात?"

"अहो, पूल खचला ना. गाडी ओढ्यात गेली, घोडा गेला. कमरेएवढ्या पाण्यातून पेट्या ओढून काढल्या त्यांनी, दोन बोटं चिरडली. कुलुपं उघडेनात म्हणून दगडाने फोडली, आणि आठ दिवस माझ्या गोठ्यात बसून एकेक पटाशी पुसून चरबी लावत होते. घरातली सगळी चरबी संपवली माझी. मी म्हटलं, सरकारचा माल, तुम्हाला काय एवढं? तर म्हणाले, हत्यारं सरकारची नाहीत, त्या पोरांची आहेत."

सुतारांपैकी कुणी मान वर केली नाही. सायलसने म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहिलंच नव्हतं.

त्याने घोडं काढलं. सहा मैलांवर, पूर्वेच्या वाटेवरच्या चढावर त्याला गाडी दिसली. दोन घोड्यांच्या दांडीला एका बाजूने घोडा जुंपलेला होता, दुसऱ्या बाजूने छातीला पट्टा लावून कास्पर ओढत होता.

सायलस खाली उतरला. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं. पुसलं म्हणालो, बुडाला म्हणालो."

सायलस गाडीबरोबर चालत राहिला. मग म्हणाला, "पिट्सबर्गहून खिळे आणि साखळ्या यायच्यात. ते तुम्हीच आणा."

"आणीन. त्या पोरांचं काम अडायला नको." कास्पर श्वास घ्यायला थांबला. "पण तुझा एक माणूस बरोबर दे. त्याने सगळं डोळ्यांनी बघावं. मला परत सांगत बसायला लावू नकोस."

सायलसने आपल्या घोड्याचा लगाम पुढे केला. "निदान हा जुंपा."

कास्परने नकारार्थी मान हलवली, चिंध्या बांधलेल्या हाताने छातीवरचा पट्टा सारखा केला आणि घोड्याला हळूच साद घातली. गाडी पुन्हा चढू लागली.