रानमेंढ्यांच्या घशातले जंतू

तिने बशीचं झाकण उचललं, दिव्याखाली धरलं आणि पुन्हा लावलं. मग वरचा क्रमांक नीट वाचला.

तीन वर्षं ती डोंगरावरच्या रानमेंढ्यांच्या नाकाघशातल्या जंतूंची नोंद करत होती. धडधाकट जनावरात काय काय सुखाने नांदतं, एवढंच पाहायचं होतं. नमुन्यांच्या बश्यांत जंतूंचे नेहमीचेच ठिपके उगवत. आज एका पिल्लाच्या बशीत करडे, भोवती पारदर्शक कडं असलेले ठिपके होते. हे जंतू पाळीव मेंढीच्या घशात जन्मभर गुपचूप राहतात. रानमेंढीच्या फुप्फुसात मात्र ते धुमाकूळ घालतात.

"हे पिल्लू हाती कसं लागलं?" तिने नमुना घेऊन आलेल्या वनरक्षकाला विचारलं.

"लागलं कसलं! आपणहून आलं, माझा हात चाटायला लागलं. मागच्या पायावर जुनी जखम होती."

तिने हातमोजे काढले आणि तडक वडिलांचं घर गाठलं.

वडील गोठ्यात मेंढ्यांना पाणी पाजत होते.

"बाबा, तुम्हाला रानात सापडलेलं ते लंगडं पिल्लू वनरक्षकाकडे दिलं नव्हतंत का?"

ते ओशाळून हसले. "तू रागावशील म्हणून बोललो नाही. महिनाभर इथेच ठेवलं. आपल्या पांढरीने पोटच्या पोरासारखं पाजलं. पाय बरा झाल्यावर डोंगरावर त्याच्या कळपात सोडलं. तीन आठवडे होतील आता."

"आपल्या मेंढ्यांमध्ये ठेवलंत?"

"मग कुठे ठेवू, माझ्या डोक्यावर? आणि रोगराई म्हणशील, तर आपल्या एकीलाही साधी शिंक नाही. हवं तर तपास."

दाराची कडी तिने घट्ट धरून ठेवली होती.

"चल, गंमत दाखवतो," म्हणत ते तिला परसात घेऊन गेले. "कालपासून कळप कुंपणापर्यंत उतरलाय. एवढ्या खाली कधी यायचा नाही. माणसाची माया कळते गं त्यांना."

कुंपणापलीकडे रानमेंढ्या माना खाली घालून उभ्या होत्या. चरत कोणीच नव्हतं. वारा पडला तेव्हा खोकला ऐकू आला, एकीचा, मग दुसरीचा.

पिल्लू तेवढं ठणठणीत होतं. उड्या मारत एकेकीजवळ जाऊन नाकाला नाक लावत होतं.

"बघ," वडील हळूच म्हणाले, "सगळ्यांना भेटतंय."