डबल बेल

डॉक्टरांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवली, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर पालथे पडले आणि खालच्या पाइपात हात घातला. जन्मभर गुरांचा दवाखाना चालवलेला माणूस. गाईच्या पोटात आडवी आलेली वासरं याच हातानं फिरवलेली. त्या हाताला पाइपातला डबा म्हणजे काय मोठं! पण हाती लागला तो चिखल आणि एक चिडलेला बेडूक.

"तिथं नाहीये. माझं बघून झालंय."

बसच्या मागच्या दारातून थेट ड्रायव्हरच्या कानात शिरेल असा तो आवाज. डॉक्टरांनी पडल्यापडल्याच मान वळवली. रस्त्याच्या पलीकडे, ओढणी कमरेला खोचून, त्यांच्या विहीणबाई उभ्या होत्या.

निवृत्तीनंतर डॉक्टरांना हा नाद लागला होता. कुणीतरी आडवाटेला डबा लपवायचा, जागेची खूण फोनवर टाकायची. बाकीच्यांनी तो हुडकून आतल्या कागदावर आपलं टोपणनाव लिहायचं. डॉक्टर लिहीत 'ढवळ्या'. स्कूटर काढून रानोमाळ हिंडावं, खरचटून घ्यावं, आणि डबा उघडावा तर आत आधीच कुणा 'डबल बेल'ची ठसठशीत सही. पंचक्रोशीत एकदाही त्या डबल बेलच्या आधी पोचता आलं नव्हतं. आज नवा डबा पडला म्हणून ते चहासुद्धा न घेता निघाले होते.

विहीणबाई बसमध्ये कंडक्टर होत्या, हे त्यांना आत्ता आठवलं.

"डबल बेल तुम्ही?"

"आणि ढवळ्या तुम्ही. नावावरून ओळखायला हवं होतं."

मुलांच्या लग्नातच दोघांचं बिनसलं होतं. विहीणबाई लंगडताना दिसल्या आणि डॉक्टर सवयीनं बोलून गेले, "सांधे धरलेत. आता फार पळवू नका." भर मांडवात. विहीणबाईंनी विचारलं, "मी काय म्हैस आहे?" लोक हसले, आणि दोन्ही घरांतली ये-जा बंद झाली. लेक आणि जावई मधल्या मध्ये निरोप पोचवून थकली.

"निघते मी," विहीणबाई म्हणाल्या. पण निघाल्या नाहीत. सोडून जायचं म्हणजे ढवळ्याला आयतं रान मोकळं.

डॉक्टरांनी फोन काढून डोळ्यांपासून लांब धरला. "डब्याबद्दल काय लिहिलंय, दिसत नाही. चष्मा घरी राहिला."

विहीणबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि थांब्यांची नावं पुकारावीत तसं वाचलं, "एकट्यानं जमणार नाही."

दोघांचीही नजर एकदमच मोरीच्या टोकाला टेकलेल्या फरशीकडे गेली. डॉक्टरांनी फरशीची कड धरून उचलली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"लवकर! कंबर जाईल माझी."

"ओरडू नका. मला वाकायला वेळ लागतो. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"चुकलंच माझं तेव्हा," फरशी पेलतापेलता डॉक्टर म्हणाले. "बाईमाणसाशी बोलायची सवय नव्हती. रोजचा संबंध म्हशींशी."

विहीणबाईंना हसू आवरेना. हसतहसतच त्यांनी आत हात घातला आणि डबा ओढून काढला. एका कोपऱ्यात पोचा आलेला, पितळी कडीचा डबा.

डॉक्टरांनी फरशी सोडली. "हा आमच्या लेकीचा डबा. ठकी शाळेत न्यायची."

विहीणबाईंनी कडी काढली. आत कोरा कागद, पेन्सिल, आणि बोटभर लांबीचे दोन लोकरी मोजे, गडद हिरवे. त्यांनी लोकर चिमटीत धरून बघितली, उन्हात नेऊन बघितली.

"ही माझ्या मुलाच्या शाळेच्या स्वेटरची लोकर. मी विणलेला. कुणी उसवला हा?"

पाइपात बेडूक ओरडला. डॉक्टर कठड्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. विहीणबाईंनी ओढणीनं नाक पुसलं आणि धूळ फार आहे म्हणाल्या. धूळ कुठेच नव्हती.

"सही करा," डॉक्टर म्हणाले. "पहिला मान तुमचा."

"तुम्ही करा. फरशी तुम्ही उचललीत."

"आत हात तुमचा गेला."

शेवटी कागद कठड्यावर ठेवून दोघांनी आपापली नावं लिहिली. मोजे मात्र कुणीच कुणाच्या हातात देईना. विहीणबाईंनी थोडा विचार केला, एक मोजा डॉक्टरांच्या खिशात घातला आणि दुसरा स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन लावली.

"हे काय? जोडी फोडलीत?"

"बाळ आल्यावर दोन्ही लागतील ना?" त्या आपल्या गाडीकडे वळत म्हणाल्या. "तेव्हा येतजात राहा. घर माहीत आहेच तुम्हाला."