मी पेटलो आणि प्रेमसिंग नापास झाला

मित्रांनो, काळा होल्डर, साठ वॉटचा बल्ब आणि दोन हात लांबीच्या दोन तारा, एवढाच माझा देह. मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे. वीज आली की नाही, हे वायरमन मला लावून पाहतात. वीज असली तर मी पेटतो, नसली तर गप्प राहतो. बल्ब माझे कितीतरी गेले. होल्डर मात्र पहिलाच आहे.

वारंगा फाट्यावरच्या दुकानातून सामान आणून प्रेमसिंगनं मला १९९० साली बनवलं. प्रेमसिंग तांड्यावरचा. शिक्षण सातवी, पण त्याची फिटिंग अशी सरळ, की लोक थांबून बघत. आखाडा बाळापूरच्या वैजनाथ ठेकेदाराकडं तो कामाला होता. मी पेटलो की प्रेमसिंग हसायचा, आणि मला वाटायचं, काम मीच केलं.

सहा वर्षांनी एका उन्हाळ्यात वैजनाथनं त्याला बोलावलं. "प्रेमसिंग, वीज खात्याचे सायब आता वायरमनचा परवाना पाहून राहिले. बिगर परवान्याचा माणूस ठेवला तर माझंच लायसन जाईल. परीक्षा दे. पास झाला तर काम तुझं, न्हाई तर रामराम."

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. परीक्षा परभणीला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी एक बोर्ड पुढं ठेवला. त्यातला दिवा लागत नव्हता. प्रेमसिंगनं मला इकडंतिकडं लावून दोष चटकन ओळखला. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटली होती.

"बरोबर. आता दिवा लावून दाखवा," साहेब म्हणाले.

प्रेमसिंगनं दिव्याची परतीची तार सरळ अर्थिंगला, म्हणजे जमिनीत गेलेल्या तारेला, जोडली. दिवा लख्ख लागला. मलाही तिथंच लावून पाहिलं. मीही पेटलो. प्रेमसिंग हसला.

साहेब हसले नाहीत. "हे कुठं शिकलात?"

"तांड्यावर आसंच करतो, सायब. न्यूट्रल तुटली की हापशाच्या पायपाला जोडायचं. बराबर चालतं."

"अर्थिंग माणसाला वाचवायला असतं. तुम्ही त्यातूनच वीज सोडली. एखाद दिवशी हात लावणारा जाग्यावर चिकटेल." त्यांनी कागदावर नापास लिहिलं.

वैजनाथनं लगेच रामराम न करता त्याला आणखी वर्षाची मुदत दिली. पण तांड्यावर पोचल्यावर प्रेमसिंग आधी घरी गेलाच नाही. हापशावर गेला. खांबावरची न्यूट्रल तुटल्यापासून सहा घरांचे दिवे त्यानं त्या पायपावर चालवले होते. सहाही तारा त्यानं सोडवल्या.

त्याची चुलती रुख्मिणीबाई कमरेवर हात ठेवून आली. "नापास तू झाला, अन् बत्ती आमची काढून राहिला व्हय रे? काहून?"

"काकी, हापशाला हात लावला की मुंग्या येतात म्हणत होती ना?"

"म्हातारपणाच्या मुंग्या त्या!"

"म्हातारपणाच्या न्हाईत. माझ्या होत्या."

तिनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग हळूच म्हणाली, "अन् त्याच हापशावर लेकरं आंघोळी करतात रे, मुडद्या."

खांबावरची तार जोडून मिळायला अकरा दिवस लागले. प्रेमसिंग रोज अर्ज घेऊन बाळापूरला वीज मंडळात जात होता. अकरा दिवस सगळ्या तांड्यानं त्याला शिव्या दिल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या.

पुढच्या साली साहेब तेच. या खेपेला बोर्ड झाल्यावर त्यांनी तोंडी विचारलं, "न्यूट्रल तुटली. घरात लग्न आहे. लोक मागं लागले, दिवा लाव म्हणून. काय कराल?"

प्रेमसिंगनं मला गुंडाळून खिशात घातलं. "कंदील लावीन, सायब."

आता साहेब हसले. महिन्याभरानं टपालानं परवाना आला. त्यावर त्याचं नाव, त्याचा फोटो.

मित्रांनो, पुढं प्रेमसिंगनं वीज तपासायचं नवं मीटर घेतलं आणि मी पेटीच्या तळाला गेलो. माझ्या तारा तडकल्या आहेत. तडकलेल्या तारांचा लॅम्प वापरूच नये, म्हणून माझी तक्रार नाही. सांगायचं एवढंच, की मी पेटलो म्हणजे फक्त वीज आली. काम बरोबर झालं की नाही, हे मला कधीच कळत नव्हतं. ते माणसालाच शिकावं लागतं. म्हणून घरी वायरमन आला तर त्याला परवाना विचारा. रागावला तर रागावू द्या. आमचा प्रेमसिंग तर न विचारताच दाखवतो.