विठाची पकड

ते पॅराशूट पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला ते नको झालं होतं. गल्लीतले हवालदार जोतीराम फौजेतून निवृत्त होऊन आले ते कुठल्याशा लिलावातलं हे टाकाऊ धूड बरोबर घेऊनच. शिवाजी पेठेतल्या आमच्या बालवाडीच्या अंगणात त्यांनी ते पसरलं, तर अंगण संपलं तरी कापड संपेना.

"शमशादबाई, छावणीत सायबांची पोरं हेच्यासंगं खेळत्यात. आपल्या पोरांनी का खेळू नये?" ते म्हणाले.

मी कडेला हात लावला. एवढीशी झुळूक आली आणि त्या कापडानं मला दोन पावलं पुढे ओढून नेलं. मी आधीच काडीपैलवान, आणि वर्गातली पोरं तर चार-पाच वर्षांची. पण हवालदारांनी लांब दोऱ्या कापून टाकल्या होत्या, धरायला तेवढे वीतभर फास ठेवले होते, आणि आता घाबरायचं काही कारण नाही असं त्यांचं ठाम मत होतं. फौजेतल्या माणसापुढे भित्र्या बाईचं काय चालणार!

पोरांना मात्र त्या कापडाचं वेड लागलं. गोल उभं राहून लाटा करायच्या, वर चिंध्यांचे चेंडू नाचवायचे. एक-दोन-तीन म्हणत कापड डोक्यावर न्यायचं आणि झटकन आत शिरून बसायचं, की झाला पांढरा तंबू. माझा नियम एकच होता. शिट्टी वाजली की हात सोडायचे. दहा दिवस मी तेवढंच घोटून घेतलं. शेवटी शेवटी शिट्टीसरशी अठराच्या अठरा पोरांचे हात मोकळे व्हायचे, आणि मला रात्री जरा झोप लागायची.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रातली गोष्ट. बालवाडीचं संमेलन तालमीमागच्या मैदानावर ठेवलं होतं. मैदानाच्या टोकाला एक जुनी विहीर, तिचा आमच्या बाजूचा कठडा ढासळलेला. तिथे चार बांबू तरी आडवे लावा म्हणून मी तालमीत तीनदा सांगितलं. तीनदा "बघूया की" असं उत्तर मिळालं. तालमीतले तरणे गडी मलकापूरकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांना गेले होते. मैदानावर होत्या नुसत्या आया, आज्या आणि कडेवरची पोरं.

पाहुणे म्हणून बोलावले होते तालमीचे गणपतराव वस्ताद. सत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले, हातात काठी, पण आवाज असा की चिमण्या उडाव्यात. त्यांची नात विठा माझ्याच वर्गात होती, पाच वर्षांची, मोठी हट्टी. वस्तादांनी भाषण केलं नाही. आखाड्यातली तांबडी माती मागवली आणि कुस्तीआधी पठ्ठ्यांच्या हाताला लावावी तशी एकेका पोराच्या तळव्याला चोळली.

"धरलं की सोडायचं न्हाय! सोडंल त्यो गेला!" ते गरजले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. वस्ताद, ह्या खेळात सोडायचंच असतं, एवढं एक वाक्य. पण त्यांचंच मैदान, त्यांचीच पेठ, आणि माती लावून झालेल्या माणसाला मध्येच टोकायचं कसं? मी शिट्टी ओठात धरून गप्प उभी राहिले. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

लाटा झाल्या, चेंडू झाले. तंबूसाठी कापड वर गेलं आणि त्याच वेळी रस्त्याच्या बाजूनं वावटळ आली. पालापाचोळा, कागद, धूळ, सगळं गरगरत मैदानात घुसलं आणि कापड आपसूक फुगलं. पोरांच्या टाचा उचलल्या गेलेल्या मला दिसल्या. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

सतरा पोरं धपाधप खाली बसली. विठानं सोडलं नाही.

पहिल्यांदा ती कापडामागे पळत होती, मग तिचे पाय जमिनीला पुरेनात. कापड तिला घेऊन सरळ विहिरीकडे निघालं. मी धावले, मागून तिच्या कमरेला मिठी मारली, तर कापड आम्हा दोघींना ओढू लागलं. हवालदारांनी दुसऱ्या कडेवर झेप घेतली. तेही पोटावर फरफटत निघाले.

"विठा, सोड! सोड गं!"

तिनं डोळे गच्च मिटले. तिचे हात डोक्यावर, माझे तिच्या कमरेला. तिची मूठ उघडायला एक हात काढला तर दुसऱ्या हातानं ती राहणार नव्हती. माझ्या टाचांचे मातीत चर पडत होते. विहीर पंधरा पावलांवर असेल. खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं की आपणच सोडावं. मला घरी माझी दोन लेकरं होती. तो विचार आला आणि मला स्वतःचीच एवढी भीती वाटली की मी आणखी घट्ट धरलं.

मागून वस्ताद काठी टेकत, खुरडत येत होते. "सोड गं पोरी! सोड म्हणतोय न्हवं!" ते ओरडत होते. आणि प्रत्येक ओरडण्याबरोबर विठाचं अंग जास्त ताठ होत होतं. मला ते हातांना कळत होतं.

"वस्ताद, न्हाय ऐकत ती!"

ते जागीच थांबले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"ऐकायची न्हाय," ते म्हणाले. "रोज सकाळी माझं बोट धराय लावतो. सोड, सोड म्हणून फसवतो. फसली न्हाय तर शाबासकी देतो. म्याच शिकवलंय."

"मग सोडती कधी?"

त्यांची नजर जमलेल्या बायकांकडे गेली. विहीर दहा पावलांवर आली.

"कधी वो, वस्ताद?"

"म्या हरलो म्हटल्यावर."

"मग म्हणा की!"

आणि तो माणूस तोंड उघडेना! सगळ्या आया बघत होत्या, भिंतीवर चढून पेठेतली पोरंसोरं बघत होती. चारचौघांत त्या ओठांना तो शब्द कधी लागलाच नसावा. मला एवढी चीड आली की मी त्यांना आमच्या घरच्या बोलीत शिवी हासडली. त्यांना ती कळली असणार.

"म्हणा! न्हायतर नातीला विहिरीत बघा!"

"हरलो," ते पुटपुटले. वाऱ्यानं शब्द उडवून नेला. मग मोठ्यानं, "हरलो!"

विठानं एक डोळा उघडला. "फसवतायसा," ती धापा टाकत म्हणाली आणि डोळा परत मिटला.

माझे हात बधिर झाले होते. विहिरीतला गार वास नाकात आला. मला वाटलं, झालं, संपलं.

तेव्हा वस्तादांनी काठी फेकली. गुडघे मोडत ते खाली बसले आणि उताणे झाले. साठ वर्षांत कुणी त्या पाठीला माती लावली नव्हती. आता दोन्ही खांदे धुळीत टेकून, हात पसरून ते पडले.

"बघ, विठा! बघ माझ्याकडं! पाठ लागली माझी! हरलो गं म्या, हरलो!"

तिनं मान वळवली. नीट बघितलं, दोन्ही खांदे टेकलेत का तेसुद्धा. आणि मुठी उघडल्या.

आम्ही दोघी मागे कोसळलो. हवालदारांनीही हात सोडला. कापड उघड्या कठड्यावरून गेलं आणि सरसरत विहिरीत उतरलं.  आया रडत आपापली पोरं उचलत होत्या. विठाचे तळवे सोलून निघाले होते, पण ती उठली, पळत गेली आणि आजोबांच्या छातीवर बसली. वस्तादांना उठता येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं.

"पोरी," त्यांनी तिचे सोललेले हात धरले, "आजपास्नं म्या सोड म्हटलं की सोडायचं. कळलं?"

विठा त्यांच्याकडे बघून हसली, सगळं समजल्यासारखी.

"न्हाय," ती म्हणाली. "तुमी फसवतायसा."