कांचनमावशींचे गमबूट

विवेकने पेन्सिलीने गोल केलेला प्लॉट कागदावर दिसत होता झकास. कोपऱ्याचा, पूर्वाभिमुख, आणि लिलाव नेमका दसऱ्याला! एवढं सगळं जुळून आल्यावर मराठी इंजिनियर थांबतो होय?

"टॅक्स लीन सर्टिफिकेट, सुमेधा! मालकाने थकवलेला टॅक्स आपण भरायचा. त्याने तो टाउनशिपकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, भरला की आपले पैसे व्याजासकट परत. अठरा टक्क्यांपर्यंत, यार! नाहीच भरला तर प्लॉट आपला."

पैसे सुमेधाचे होते. नागपूरची ही दातांची डॉक्टर दोन वर्षं न्यू जर्सीतल्या एका दवाखान्यात नुसते फोन उचलत होती, ते इथली पदवी पुन्हा घ्यायला लागणाऱ्या डेंटल स्कूलच्या फीसाठी. तीन हजार दोनशे डॉलर. सव्वा वर्षाने, शहाऐंशी संपता संपता फी भरायची होती. तोवर ते परत आले नाहीत, तर डॉक्टरकी त्या फोनपाशीच संपणार होती. नवऱ्याचा उत्साह मोडवेना, पण पैसेही सोडवेनात. शेवटी तिने कांचनमावशींना फोन लावला.

मावशी लायब्ररीत नोकरी करत आणि दरवर्षी या लिलावाला जात. मराठी मंडळातली मंडळी त्यांना मुलामुलींची स्थळं विचारत. सुमेधाने प्लॉट विचारला.

"जागा पाहिलीत?" मावशींनी विचारलं.

"विवेकने नकाशा पाहिलाय."

"अगं बाई! नुसत्या फोटोवरून लग्न ठरवतोय की काय हा? रविवारी येते मी."

रविवारी त्या आल्या त्या डिकीत गमबूट टाकूनच. साडी घोट्याच्या वर खोचली, बूट चढवले आणि गवतातून तरातरा निघाल्या. विवेक मागे, नवे बूट चिखलात. झाडी संपली आणि समोर काय, तर मोठा थोरला खड्डा! आजूबाजूच्या घरांचं पावसाचं पाणी साठवायला खणलेला. त्यात बदकं पोहत होती. शेजारची बाई सांगायला लागली, बिल्डर बुडाला, सहा वर्षांत इकडे कुणी फिरकलं नाही.

"याचा टॅक्स भरायला कोण येणार रे विवेक? ही बदकं?" मावशी म्हणाल्या. "आणि प्लॉट पदरात पडलाच, तर दरवर्षीचा टॅक्स तू भरत बसशील."

विवेकचं तोंड एवढंसं झालं. सुमेधाला मात्र त्या चिखलभरल्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

मग मावशींनी लिलावाच्या यादीतली आणखी पाच घरं पालथी घातली. शेवटच्या घराला ताजा रंग होता. मालक आजारपणात मागे पडला होता, आता कामावर रुजू झालाय, असं पोस्टमनकडून कळलं. "हा सोडवणार. ज्याचा जीव घरात आहे त्याच्यावरच पैसे लावावेत. आपल्याला व्याज हवंय, घर नकोच आहे, हे डोक्यात पक्कं ठेव."

दसऱ्याला लिलावात कोपऱ्याचा प्लॉट पुकारला गेला. मुहूर्ताच्या मोहाने विवेकचा हात उठू लागला, तो सुमेधाने घट्ट धरून ठेवला. रंगवलेल्या घराची पाळी आली. जो कमी व्याज मागेल त्याला सर्टिफिकेट. अठरा, सोळा, चौदा. "दहाच्या खाली उतरायचं नाही," मावशी कुजबुजल्या. "चढाओढीत पैसे फुकट राबतील." बारावर सुमेधाला मिळालं.

तेरा महिने तिचा जीव टांगणीला होता. मग टाउनशिपचं पत्र आलं: मालकाने सगळे पैसे भरले होते, व्याजासकट. फी भरून ती थेट पेढे घेऊन मावशींकडे गेली.

"तुम्ही कधीच कशा चुकला नाहीत, मावशी?"

मावशी उठल्या. देवाच्या फळीमागून पिवळा पडलेला एक कागद काढला. टॅक्स लीन सर्टिफिकेट, शहात्तर सालचं. "पाडव्याला घेतलं होतं, न बघता. हायवेच्या पुलाखालची जमिनीची पट्टी निघाली. एम.ए.ची फी होती माझी. कॉलेज राहिलं, तशी लायब्ररीत लागले."

सुमेधाचे डोळे भरून आले.

"रडतेस काय वेडे? तुझी वाचली ना?" मावशींनी पेढा तोंडात टाकला. "आता पहिला दात माझाच काढायचास. फुकट!"