चेटकिणीच्या तोंडच्या शिव्या

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी केली होती. उरलेली अर्धी त्याने माझ्या हातातला वस्तरा काढून घेऊन आरशात बघत स्वतःच केली, दुकानाचं शटर ओढलं आणि मला दवाखान्यात नेऊन सोडलं. बायको जिन्यात कोसळली होती. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ती आवाज देण्याची कामं करायची. शेवटचं काम एका व्हिडिओ गेमचं. राजे, राक्षस, तलवारी असला गेम. त्यात ती चेटकीण होती आणि तिचं मुख्य काम मार खाणं. रोज घसा बसवून घरी यायची.

"आज दिवसभर मरत होते," चपला काढता काढता म्हणायची. "चहा टाका."

"आज कशाने?"

"सकाळी कुऱ्हाडीने. जेवणानंतर उकळत्या तेलात."

घरात तिच्या आवाजाचं दुसरं काहीच नव्हतं. रोज समोर बोलणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग कोण करून ठेवतो? जाहिराती होत्या, पण त्यांत ती कुणा भलत्याच गोड बाईसारखी बोलायची. म्हणून गेम बाजारात आल्या आल्या मुलीने तो आणला आणि टीव्हीला जोडला.

"बाबा, बसा. आईला भेटू."

आता माझी अडचण अशी की मला रक्त बघवत नाही. गिऱ्हाइकाला जरासं लागलं तर तुरटी तोच लावतो, मी खुर्चीला धरून उभा राहतो. आणि गेम बनवणाऱ्यांनी हात अजिबात आखडता घेतला नव्हता. पहिल्याच शिपायाचं पोट फाटलं आणि आतलं सगळं जसं बाहेर यायला हवं तसं आलं. मी उशी तोंडावर घेतली.

"झालं का?"

"थांबा, अजून आतडी चाललीयेत."

शेवटी तिने रक्त बंद केलं. तसं बटण असतं म्हणे. मग माणसं पिठाच्या पोत्यासारखी पडायला लागली आणि मला बघवू लागलं. एका बंद दरवाजासमोर चेटकीण उभी होती. मुलीने तलवार हाणली. चेटकिणीने तोंड उघडलं, पण आवाज नाही.

"आई कुठाय?"

मुलीने खालचं बारीक वाचलं. "रक्त बंद केलं की ओरडणंही बंद. दोन्ही एकाच बटणावर आहे."

"हा काय चावटपणा!"

"चालू करू?"

"कर," मी उशीतून म्हणालो.

खच्चकन आवाज आला आणि मागोमाग, "मेल्या, आत्ताच फरशी पुसलीये!"

मी उशी खाली घेतली. खांद्याचं हाड दिसत होतं, रक्त जमिनीवर टपकत होतं, आणि बाई शुद्ध आमच्या स्वयंपाकघरातलं बोलत होती.

"हे तिला लिहून दिलं होतं?"

"छे! शिव्या तुम्हीच सुचतील त्या द्या, असं म्हणाले होते तिला."

पायावर मारलं की "पाय पुसून ये, मेल्या!" डोक्यावर मारलं की "लहानपणी आपटला होतास का रे?" मुलगी हसून हसून आडवी झाली. मला बायकोने मेल्या कधी म्हटलं नाही. ते मांजराला आणि दूधवाल्याला.

"आता तुम्ही मारा, बाबा."

मी बटण दाबलं, अगदी हलकंच. तलवार नुसती घासून गेली. गालावर एक बारीक लाल रेघ उमटली.

"अहो, एवढाच जोर?" चेटकीण म्हणाली.

मुलीचं हसू थांबलं. "हे आत्तापर्यंत आलंच नव्हतं. मी जोरातच मारत होते."

"मग हळू मारत जा," मी म्हणालो. डोळे पुसले आणि पुन्हा एक घासून दिला.

हल्ली दुकान बंद केलं की मी खेळायला बसतो. उशी लागत नाही. चेटकीण रक्ताने न्हालेली असते, मी तिच्या दोन-चार शिव्या खातो आणि गेम बंद करतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा धडधाकट. मरताना ती आणखी एक वाक्य बोलते, मुलीने ऐकलंय. सांगू का म्हणून विचारत होती. मी नको म्हटलं.

ती मेल्याशिवाय तो दरवाजा उघडत नाही. पुढचा अख्खा गेम पलीकडे आहे. चेटकिणीला मारायचं अजून राहिलंय.