राणीचा आवाज

आटपाडीच्या पुढे, पवनचक्क्यांच्या माळावर एक धनगरवस्ती आहे. पवनचक्क्या ज्या कंपनीच्या, तिनेच तिथे शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं. कार्ड लावलं की नळ सुरू व्हायचा. वस्तीला ते आपलं वाटावं म्हणून त्यात तिथल्याच कुणाचा तरी आवाज घालावा, असं कंपनीच्या समाजविकास विभागातल्या उत्कर्षाने सुचवलं. सगळ्यांनी वस्तीतल्या एका सुनेला, राणीला पुढे केलं. "भांडं नळाखाली नीट ठेवा. पाणी येतंय," एवढंच तिला म्हणायचं होतं. पण बाहेर मेंढरं ओरडायची आणि हिला हसू फुटायचं. रेकॉर्डिंगला अख्खी सकाळ गेली.

पुढच्या उन्हाळ्यात गंजीतला कडबा काढताना राणीला पान लागलं. साप तिला दिसलाही नाही. विट्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

यंत्र मात्र बोलत राहिलं. पाणी भरताना बायका गप्प व्हायच्या. राणीचा नवरा अमृत मेंढरं घेऊन लांब निघून गेला, तो वस्तीकडे फिरकेना. सासू हरणाबाई मात्र रोज दुपारी कळशी घेऊन यायची आणि भरून झाली तरी तिथेच बसून राहायची.

हे उत्कर्षाच्या कानावर आलं तेव्हा तिला कसंतरीच झालं. तिने वस्तीची बैठक घेतली. आवाज बदला, असंच सगळे म्हणाले. हरणाबाईला बैठकीला बोलवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. कुपवाडहून आलेल्या कृष्णात मेकॅनिकने जुनी चिप काढली आणि पुरुषाच्या आवाजाची नवी बसवली.

आठवडाही झाला नसेल, सरपंच उदयसिंहांचा फोन आला.

"म्याडम, आवाज बदलला न्हाई."

"बदललाय की. मी स्वतः ऐकलाय."

"आमी कार्ड लावलं की बाप्याच बोलतोय. पण हरणाबाईनं लावलं की राणी बोलतिया."

दुसऱ्या दिवशी उत्कर्षा कृष्णातला घेऊन वस्तीवर गेली. त्याने यंत्र उघडून पाहिलं. चिप नवीच होती. जुनी त्याच्या वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये पडलेली. त्याने स्वतःचं कार्ड लावलं, पुरुषाचा आवाज आला. तेवढ्यात हरणाबाई आली. तिने कळशी नळाखाली धरून कार्ड लावलं.

"भांडं नीट ठिवा, आत्या. पाणी येतंय."

सासूसाठीची ती 'आत्या' ही हाक रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नव्हती. कृष्णात मागे सरला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

"मावशी, हे कधीपासून?"

"तुमी आवाज काढला तवापासनं."

"बंद करायचं का?"

हरणाबाईने तिच्याकडे पाहिलं. "मला काय इच्यारताय? बैठकीत समद्यांस्नी इच्यारलंसा. आवाज जिचा, तिला कुनी इच्यारलं?"

गावोगावी जाऊन लोकांची मतं विचारणं हेच उत्कर्षाचं काम होतं. भर दुपारी, एका पत्र्याच्या पेटीपुढे ती उभी राहिली. आपण हे काय करतोय, असं वाटत असतानाच तिने विचारलं,

"राणी, तुला इथं राहायचंय का?"

कळशी भरली होती. नळ आपोआप बंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. पाणी कळशीवरून ओसंडलं, ओट्यावरून खाली आलं, उत्कर्षाच्या चपलांखाली शिरलं. तिने धडपडत मेन स्विच खाली ओढला. यंत्रावरचा दिवा विझला. पाणी येतच राहिलं.

हरणाबाईने नळाखाली तळवा धरला.

"लय दमलीस," ती हळूच म्हणाली. "जा आता, बाय माजी. मी भरीन माजं पानी."

धार बारीक होत गेली आणि थांबली.

हरणाबाईने डोळे पुसले, कळशी कमरेवर घेतली आणि आपलं कार्ड उत्कर्षाच्या हातात दिलं. "मला नगं आता ह्ये." त्यानंतर ती हापशावरच पाणी भरू लागली. तिचं ते कार्ड पुढे दुसऱ्या घरात दिलं, तेव्हा त्यावरही पुरुषाचाच आवाज आला.

त्या दुपारी परत निघताना उत्कर्षाच्या घशाला कोरड पडली होती. कृष्णातकडची बाटलीही रिकामी होती. यंत्र दहा पावलांवर होतं. पण दोघांतलं कुणीही खाली उतरलं नाही. विट्यात एका हॉटेलपाशी गाडी थांबली, तेव्हाच ते पाणी प्याले.